वाचक विचारतात : भट्टीत, दाबाखाली आणि लोणारच्या विवरात

या खेपेच्या पत्रांत ताटे होती, भट्टीच्या विटा होत्या, दाताच्या कॅपा होत्या आणि लोणारचे दगडही होते. रसायनाच्या नजरेने ही सगळी एकाच घरची मंडळी, म्हणजे ऑक्साइड. त्यामुळे पत्रे एकत्रच घेतली आहेत.

मी स्टोनवेअरची ताटे विजेच्या भट्टीत १२४० अंशांना भाजते आणि दोन तास तिथेच धरून ठेवते. भट्टी ३०० अंशांवर आली की झाकण थोडे उघडते. दर खेपेला दोन-तीन ताटांना काठापासून मध्यापर्यंत सरळ चीर जाते. चूक मातीत की भट्टीत? (वाचक, पुणे)

आधी चिरेची कड भिंगाखाली पाहा. ग्लेझची (भांड्यावरच्या काचेच्या लेपाची) कड काचेसारखी धारदार असेल तर चीर थंड होताना पडली आहे. कड गोलसर वितळलेली असेल तर ती तापतानाच पडली होती आणि ग्लेझ नंतर तिच्यावरून वाहिले. तुमच्या वर्णनावरून पहिली शक्यता जास्त वाटते.

तुमच्या मातीत क्वार्ट्झ आहे, म्हणजे आपली गारगोटीच, बारीक दळलेली. भाजणीत तिचा काही भाग फेल्डस्पार या मातीतल्या दुसऱ्या खनिजाच्या वितळून झालेल्या काचेत विरघळतो आणि उरलेले कण तसेच राहतात. खोलीच्या तापमानापासून ५७३ अंशांपर्यंत क्वार्ट्झ आकारमानाने चार-साडेचार टक्के फुगतो. यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त फुगवटा शेवटच्या शंभर-सव्वाशे अंशांत उरकतो. ५७३ला त्याच्या जाळीतले चौफलक (एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन अशी घटके) एकदम किंचित वळतात आणि अल्फा रूप जाऊन बीटा रूप येते. एकही बंध तुटत नाही. म्हणूनच हा बदल क्षणात होतो आणि थंड होताना तितक्याच तडकाफडकी उलटा होतो. तापताना माती कच्ची आणि सच्छिद्र असते, ती सांभाळून घेते. परतताना तीच माती काचेसारखी घट्ट झालेली असते आणि ताटाचा काठ मध्यापेक्षा आधी थंड होतो. काठावरचे कण आक्रसले, मधले अजून आक्रसायचे आहेत, अशा वेळी चीर जाते.

तुमच्या बाबतीत मात्र खरा संशय दुसऱ्यावर आहे. ११०० अंशांच्या वर भट्टी फार वेळ धरली की उरलेल्या सिलिकाचा (क्वार्ट्झ हे सिलिकाचेच एक रूप) काही भाग क्रिस्टोबलाइट या दुसऱ्या स्फटिकरूपात जातो. त्याचा स्वतःचा उलटा बदल साधारण २०० ते २७० अंशांच्या दरम्यान होतो आणि त्यात आकारमान सुमारे ५ टक्के घटते. नेमके त्याच्या तोंडावर तुम्ही झाकण उघडता.

पुढच्या भाजणीत एवढे करा. वरचा धरण्याचा वेळ दोन तासांवरून १५-२० मिनिटांवर आणा. थंड होताना ६५० ते ५०० अंश या पट्ट्यात ताशी ५०-६० अंशांपेक्षा वेग जाऊ देऊ नका. कंट्रोलरवर उतरता टप्पा घालता येत असेल तर घालाच. ३०० नंतर झाकणाला हात लावू नका, १०० अंशांच्या खाली आल्यावरच उघडा. ताटाखाली अॅल्युमिनाचे दाणे पातळ पसरा. नाहीतर जाड शेल्फ ताटाचा तळ गरम ठेवते आणि काठ एकटाच थंड होतो. हीच गोष्ट दाराजवळ किंवा कडेला ठेवलेल्या ताटांची.

एवढ्याने भागले नाही तर मातीकडे वळा. क्वार्ट्झ २५ टक्क्यांच्या वर असेल तर पाचेक टक्के कमी करून तेवढा फेल्डस्पार वाढवा, किंवा क्वार्ट्झ २०० ऐवजी ३२५ मेशचा, म्हणजे आणखी बारीक, वापरा म्हणजे जास्त विरघळेल. एकदम सगळा काढून टाकण्याचा मोह मात्र टाळा. थंड होताना क्वार्ट्झ मातीला आक्रसायला लावतो, त्यानेच ग्लेझ दाबाखाली राहते. तो फार कमी झाला की ताटे फुटणार नाहीत, पण ग्लेझवर बारीक जाळीदार तडे उमटतील. एक आजार घालवून दुसरा घेण्यासारखे ते आहे. फक्त आतल्या बाजूला जाड ग्लेझ लावत असाल तर तेही बंद करा, एकतर्फी ताणाने हीच चीर लवकर पडते.

पोलाद कारखान्यातली कोक ओव्हन (कोळशाचा कोक करणारी भट्टी) एकदा पेटवली की वर्षानुवर्षे विझवत नाहीत, असे ऐकले. इंधन वाया गेले तरी चालते का? (निवृत्त कर्मचारी, भिलाई)

चालवून घ्यावे लागते, कारण भिंती सिलिका विटांच्या असतात. ६००-७०० अंशांच्या वर ही वीट जवळजवळ फुगतच नाही. दार उघडले, थंड कोळसा पडला, तिला फरक पडत नाही, आणि वितळणबिंदूच्या जवळ जाईपर्यंत ती भार पेलते. खाली मात्र ती भलतीच हळवी. विटेत ट्रिडिमाइट हे सिलिकाचे आणखी एक रूप असते, त्याचे बदल ११७ आणि १६३ अंशांना. क्रिस्टोबलाइटचा वर सांगितलाच. ३०० अंशांच्या आतच भिंत तीनदा झटके खाते. म्हणून नवी बॅटरी, म्हणजे ओव्हनांची रांग, तापवायला दोन-तीन महिने घेतात, खालच्या पट्ट्यात दिवसाला मोजके अंश चढवत, आणि भिंतींना आवळणाऱ्या सळ्यांच्या नटांवर रोज लक्ष ठेवून. उत्पादन बंद असले तरी गॅस जाळून ओव्हन गरमच ठेवतात. गार झाली तर पुन्हा भिंत उभी राहीलच याची खात्री नसते.

वीट घेताना एक आकडा जरूर विचारावा, खरी घनता. वीट क्वार्ट्झाइट दगडात सुमारे दोन टक्के चुना घालून भाजतात, म्हणजे क्वार्ट्झचे ट्रिडिमाइट-क्रिस्टोबलाइट होते. क्वार्ट्झची घनता २.६५, क्रिस्टोबलाइटची २.३३. चांगली वीट २.३२ ते २.३४ दाखवते. २.३८च्या वर गेली तर आत अर्धवट बदललेला क्वार्ट्झ दडलेला आहे. तो पुढे भिंतीतच बदलेल आणि बदलताना सुमारे १४ टक्के फुगेल. हा फुगवटा ५७३च्या बदलासारखा परत जाणारा नाही. इथे बंध तुटून नवी जाळी बांधली जाते.

झिर्कोनियाच्या कॅपा आणि ब्रिज आम्ही लॅबमध्ये बनवतो. भट्टीतून उत्तम निघतात, पण डॉक्टरांनी बर (घासण्याचे फिरते टोक) लावून उंची कमी केली की काही महिन्यांत काही कॅपा दुभंगून येतात. माल खराब की काम? (दंततंत्रज्ञ, कोल्हापूर)

बहुधा काम, आणि तेही भट्टीनंतरचे. कारण समजले की नियम आपोआप लक्षात राहतात.

झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियमचे ऑक्साइड. त्याची तीन स्फटिकरूपे आहेत : शुद्ध झिर्कोनिया खोलीच्या तापमानाला मोनोक्लिनिक असतो, सुमारे ११७० अंशांना टेट्रागोनल होतो आणि २३७० अंशांना क्यूबिक. थंड होताना टेट्रागोनल परत मोनोक्लिनिक होतो तेव्हा आकारमान चारेक टक्क्यांनी वाढते. शुद्ध झिर्कोनियाची घट्ट भाजलेली वस्तू यामुळे थंड होतानाच फुटते. त्यात ३ मोल टक्के, म्हणजे वजनाने सुमारे ५.२ टक्के, यट्रिया (यट्रियमचे ऑक्साइड) घातला आणि कण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास ठेवले तर टेट्रागोनल रूप खोलीच्या तापमानालाही अडकून राहते. अडकून हा शब्द महत्त्वाचा. ते सुखाने राहिलेले नाही, संधीची वाट पाहते आहे. चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकापाशी ताण येतो, तिथले कण बदलतात, फुगतात आणि चिरेचे तोंड दाबून धरतात. १९७५ साली गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को यांनी ‘नेचर’मध्ये ही किमया मांडली आणि मथळ्यातच ‘सिरॅमिक पोलाद?’ असे प्रश्नचिन्ह टाकले.

कोरडा बर जोरात लावला की हीच राखीव ताकद पृष्ठभागावर फुकट खर्च होते. वरचा काही मायक्रॉनचा थर मोनोक्लिनिक होतो. हलक्या घासणीने तो दाबाखाली राहतो आणि थोडी मदतही करतो, पण जाड दाण्याच्या बरचे ओरखडे त्या थराच्या खाली उतरतात. शिवाय ठिणग्या उडेपर्यंत तापले तर उष्णतेचे तडे वेगळेच. तोंडात रोज हजारो वेळा चावले जाते आणि ओलावा सतत असतो. चीर हळूहळू वाढायला एवढे पुरते.

म्हणून सगळी कोरीव कामे खडूसारख्या कच्च्या अवस्थेतच आटपा. ब्लॉकवर छापलेला वाढीचा गुणक, साधारण १.२० ते १.२५, प्रत्येक लॉटला तपासून घ्या. भट्टीत लांबी १७-२० टक्के घटते. गुणकात दुसऱ्या दशांशाला चूक झाली तरी कॅप बसत नाही आणि मग बर आलाच. रंगाचे द्रव लावल्यावर पूर्ण वाळवा. भाजणी उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे, साधारण १४५० ते १५३० अंश आणि दोन तास. पारदर्शकता वाढावी म्हणून १५५०च्या पुढे ढकलू नका. कण मोठे होतात, यट्रिया काही कणांत गोळा होऊन ते क्यूबिक बनतात, आणि यट्रियाला मुकलेले शेजारी कण थोड्याशा निमित्ताने मोनोक्लिनिक होतात. जाड ब्रिज असेल तर चढउतार दोन्ही मंद ठेवा.

डॉक्टरांना उंची कमी करावीच लागली तर बारीक हिऱ्याचा लाल पट्टीचा बर, भरपूर पाणी, हलका हात, आणि शेवटी रबरी पॉलिश चढत्या क्रमाने. कुठेही भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नये. घासून झाल्यावर १००० अंशांना पंधरा मिनिटांची भाजणी दिली तर मोनोक्लिनिक थर परत टेट्रागोनल होतो. मात्र तिने ओरखडा भरून येत नाही, उलट दाबाचा थरही निघून जातो. आमच्या मते त्यापेक्षा पॉलिश जास्त उपयोगी.

एक गैरसमजही काढून टाकू. ५ मोल टक्के यट्रियाचा जो जास्त पारदर्शक माल मिळतो त्यात निम्म्याच्या आसपास क्यूबिक रूप असते. त्यात ही चीर अडवण्याची किमया जवळजवळ नाही. तो समोरच्या दातांना द्या, दाढांच्या लांब ब्रिजला नको.

ओलाव्याबद्दल थोडे. पाण्याचे रेणू शिरून टेट्रागोनल रूप हळूहळू बदलवतात, २००-३०० अंशांच्या दमट हवेत सर्वांत वेगाने. म्हणून रोपणाच्या मालाची चाचणी १३४ अंशांच्या वाफेत, दोन बार दाबाला, पाच तास करतात आणि त्यानंतर मोनोक्लिनिक २५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. २००१च्या सुमारास खुब्याच्या सांध्याचे झिर्कोनियाचे काही गोळे माणसांच्या शरीरात फुटले आणि माल जगभरातून परत बोलवावा लागला. पूड तीच होती. बदलली होती भाजणीची भट्टी.

लोणारला उल्कापाताने विवर झाले तर तिथे कोइसाइट, स्टिशोव्हाइट का मिळत नाही? आम्ही महाविद्यालयाच्या सहलीत शोधावे का? (विद्यार्थी, बुलढाणा)

ही खनिजे सिलिकाची दाबातली रूपे आहेत. कोइसाइट १९५३ साली लोरिंग कोस यांनी प्रयोगशाळेत बनवला, स्टिशोव्हाइट १९६१ साली सर्गेई स्टिशोव्ह आणि स्वेतलाना पोपोवा यांनी. लवकरच दोन्ही अॅरिझोनाच्या उल्काविवरात सापडले, कारण तिथला खडक वालुकाश्म, म्हणजे जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झ. लोणार काळ्या कातळात, बेसाल्टमध्ये आहे. त्यात मूळचा क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच. दिसतात त्या गारा आणि अकीक नंतर पोकळ्यांत जमलेले. जे मुळात नाही त्याचे रूपांतर कुठून होणार?

लोणारची साक्ष मास्केलिनाइट देतो, म्हणजे धक्क्याने काच झालेला फेल्डस्पार. बेसाल्टमधला प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार सुमारे ३० गिगापास्कलच्या, म्हणजे तीन लाख वातावरणांच्या धक्क्यात सापडला की वितळण्याआधीच त्याची जाळी मोडते. स्फटिकाचा आकार तसाच, आतून मात्र काच. धक्का सेकंदाच्या बारीकशा अंशात संपतो, अणूंना नव्या जागी नीट बसायला वेळच मिळत नाही. त्याची पहिली ओळख भारतात पडलेल्या दगडातच झाली. १८६५ साली बिहारमध्ये शेरघाटीजवळ पडलेल्या शेरगोटी उल्केत १८७२ साली त्याची नोंद झाली. त्याच उल्केत पुढे सायफर्टाइट हे सिलिकाचे आणखी दाट रूपही मिळाले.

शोध सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. ३० मायक्रॉन जाडीचा छेद ध्रुवीकृत प्रकाशात, सूक्ष्मदर्शकातले दोन ध्रुवक एकमेकांना काटकोनात ठेवून पाहा. साध्या प्लॅजिओक्लेजच्या लांबट कांड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाखवतात आणि मंच फिरवला की रंग बदलतात. मास्केलिनाइटच्या कांड्या फिरवल्या तरी काळ्याच राहतात. फसगत दोन ठिकाणी होते. छेदाला भोक असले तर तेही काळे दिसते, म्हणून साध्या प्रकाशात खात्री करा. आणि अॅनाल्सिमसारखी झिओलाइट कुटुंबातली खनिजेही काळी राहतात, पण ती गोलसर पोकळ्यांत भरलेली असतात, कांड्यांच्या आकारात नसतात. शेवटचा निकाल रामन वर्णपटाने, म्हणजे नमुन्यावरून विखुरलेल्या लेसरच्या प्रकाशातल्या रेषा पाहून.

सहलीत मात्र दगड उचलू नका. लोणार वन्यजीव अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे. छेद तयार असलेल्या विभागाकडून पाहायला मागा.

हिऱ्याच्या ऐरणीत (दोन हिऱ्यांच्या टोकांत नमुना दाबणारे यंत्र) क्वार्ट्झची पूड ३० गिगापास्कलपर्यंत दाबली. तक्त्याप्रमाणे दहाच्या आतच स्टिशोव्हाइट व्हायला हवे होते. क्ष-किरण चित्रात सगळ्या रेषा पुसट झाल्या. नमुना बिघडला का? (संशोधक विद्यार्थिनी, मुंबई)

नमुना बिघडलेला नाही, तक्ता चुकीच्या प्रश्नाला विचारला आहे. त्या दाबाला कोणते रूप स्वस्त पडते तेवढे तक्ता सांगतो. अणू तिथवर पोचतील का, हे सांगत नाही. क्वार्ट्झमध्ये प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन, स्टिशोव्हाइटमध्ये सहा, घनता २.६५ वरून ४.२९. यासाठी बंध तोडून नवे बांधावे लागतात आणि खोलीच्या तापमानाला तेवढी ऊर्जा नसते. म्हणून २५ ते ३५ गिगापास्कलच्या दरम्यान क्वार्ट्झची जाळी सरळ कोसळते आणि अस्फटिक होते. दाब काढला तरी ती परत येत नाही. लोणारचा फेल्डस्पार जे क्षणात करतो, तेच तुमच्या क्वार्ट्झने सावकाश केले.

स्टिशोव्हाइट हवा तर दाबासोबत ताप द्या. १२-१५ गिगापास्कल पुरेत, लेसरने १५००-२००० केल्विन. १०६४ नॅनोमीटरचा लेसर क्वार्ट्झमधून आरपार जातो, म्हणून दहाएक टक्के प्लॅटिनमची बारीक पूड मिसळा. हिरा उष्णता फार लवकर ओढून नेतो, तेव्हा नमुन्याच्या खाली-वर मिठाचा थर हवाच. ऱ्हेनियमचा गॅस्केट (हिऱ्यांमधली, भोकात नमुना ठेवायची धातूची पट्टी) दाबून ४० मायक्रॉन केला असेल तर मधे १५ मायक्रॉन नमुना आणि दोन्हीकडे साधारण दहा-बारा मायक्रॉन मीठ. नमुना दोन्ही हिऱ्यांना टेकला की तापमान चढतच नाही आणि आपण लेसरची शक्ती वाढवत हिरा गमावतो. मीठ १२० अंशांना रात्रभर वाळवा, ओलाव्याने क्वार्ट्झ विरघळून भलतीच रूपे बनतात. दाब सर्व बाजूंनी पोचवायला वापरले जाणारे मिथेनॉल-इथेनॉलचे ४:१ मिश्रण इथे चालणार नाही, ते तापवण्याच्या प्रयोगांसाठी नाही आणि दहा गिगापास्कलच्या आसपास काचेसारखे गोठतेही.

दाब माणकाच्या कणावरून मोजत असाल. माणिकही ऑक्साइडच, अॅल्युमिनियमचे. लेसर पडला की तो लाल चमकतो; त्या प्रकाशाची रेषा ६९४.२ नॅनोमीटरला असते आणि दर गिगापास्कलला ०.३६५ नॅनोमीटर सरकते, पण ही सरळ भागाकाराची रीत वर चुकते. रेषा १०.४ नॅनोमीटर सरकली तर भागाकाराने २८.५ येतात, १९८६च्या सूत्राने ३०. कण तापलेल्या ठिपक्यापासून दूर ठेवा आणि दाब तापवण्याआधी व थंड झाल्यावर मोजा. खोलीचे तापमान सहा अंशांनी बदलले तरी ०.१ गिगापास्कलची चूक येते. रेषा रुंद झाल्या तर दाब सर्व बाजूंनी सारखा नाही. गॅस्केटचे भोक मोठे होत चालले तर तो पातळ पडला आहे, तिथेच थांबा.

थंड करून मगच दाब उतरवा. स्टिशोव्हाइट खोलीच्या तापमानाला टिकतो, पण साध्या दाबाला पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवला की काच होतो. सिंक्रोट्रॉनची (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्राची) वेळ मिळेपर्यंत रामन पाहा, आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये : क्वार्ट्झची ठळक रेषा ४६४ला, कोइसाइटची ५२१ला, स्टिशोव्हाइटची ७५३ला. पुढे इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनसाठी किंवा इटलीत त्रिएस्तला भारत-इटली भागीदारीत उभ्या असलेल्या एक्सप्रेस किरणरेषेसाठी अर्ज करताना हे रामन चित्र जोडा.

दाब-ताप नसताना केवळ किरणोत्सर्गाने ऑक्साइडची घडण बदलते का? (वाचक, रत्नागिरी)

बदलते. झिरकॉनच्या (झिर्कोनियम सिलिकेट या खनिजाच्या) दाण्यात थोडे युरेनियम-थोरियम असते. अल्फा कण सुटताना मागे झटका खाणारे जड केंद्रक वाटेतले हजारो अणू जागचे हलवते. कोट्यवधी वर्षांत दाणा आतून काच होतो, घनता ४.७ वरून ४च्या आसपास उतरते आणि दाणा फुगून तडकतो. हजार अंशांच्या वर भाजला तर बराचसा स्फटिक परत येतो. उलट युरेनियम आणि थोरियमचे स्वतःचे डायऑक्साइड, तसेच क्यूबिक झिर्कोनिया, भरपूर मारा सोसूनही स्फटिकच राहतात. हललेला अणू त्यांच्या साध्या, मोकळ्या जाळीत चटकन जागेवर परततो. अणुभट्टीचे इंधन ऑक्साइडच्या गोळ्यांत घालतात त्यामागे हेही एक कारण आहे.